देवाची विहीर आणि सुमित्राक्का

कुणाच्याही घरी गेली की सुमित्राक्का आधी संडास बघायची. बारसं असो, मुंज असो, कुणी वारलेलं असो. यजमान पुढच्या खोलीत खुर्ची पुसत असायचे आणि ही बाई पदर खोचून, स्वयंपाकघर ओलांडून, थेट मागच्या दारी. परत येऊन निमूट बसली तर घर पास. नाही तर सगळ्या पाहुण्यांदेखत विचारायची, "मागली नळी कुठं जाऊन सुटते ओ तुमची?" माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तिनं हा प्रश्न होणाऱ्या व्याह्यांना विचारला होता. त्यानंतर तिला कुठं बोलवायचं म्हटलं की माझी बायको दहा वेळा विचार करायची.

ती म्हैसूरच्या पालिकेत हेल्थ इन्स्पेक्टर होती आणि नात्यानं माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, ठेंगणी, आवाजानं खणखणीत. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही. बोलायची ते आमचं म्हैसुरी मराठी, ज्यात दर चौथा शब्द कानडी. माझंही तसंच होतं. पण माझी बायको साताऱ्याची, तिनं माझी भाषा पंचवीस वर्षं घासून काढली. अक्काच्या भाषेला हात लावायला ती कधी धजावली नाही.

आमचं गाव स्वच्छ म्हणून मिरवतं. चौकाचौकात तसे फलक आहेत. राजवाड्याभोवतालचे रस्ते झाडून लख्ख असतात, आणि ते झाडणाऱ्या बायकांना मी मनापासून हात जोडतो. पण घरांच्या मागे काय असतं ते अक्का बघायची, आणि मला सांगून माझं जेवण घालवायची. एका मालकानं कॉलेजच्या मुलींसाठी चार मजली वसतिगृह काढलं होतं. पुढून काचा, कुंड्या, पितळी पाटी. आत प्लायवूडच्या खोपट्या आणि एका मजल्याला एक न्हाणीघर. संडासाची नळी गटाराला जोडलेलीच नव्हती, ती मागच्या बोळात उघडी सुटली होती. मालकानं परवान्यांची जाडजूड फाईल पुढं केली. अक्का म्हणाली, "कागदाला वास येत नाही ओ. बोळात चला."

"स्वल्प अड्जस्ट करा मेडम," तो म्हणाला. जरा सांभाळून घ्या, हे आमच्याकडचं सगळ्या कुलपांना लागणारं वाक्य.

"करते की. सुम्ने, उगाच का नको म्हणू? तुम्ही बायको-सुना घेऊन आठ दिवस इथं राहा, ह्याच संडासात जा. नवव्या दिवशी मी सही करते." तो मालक राहिला नाही आणि वसतिगृह बंद झालं. दोन महिन्यांनी दुसऱ्या नावानं, पितळी पाटी बदलून, पुन्हा उघडलं. अक्का पुन्हा बोळात जाऊन उभी राहिली.

तिचे वडील म्हणजे माझ्या मावशीचे यजमान रंगारी होते. साडीला जुळणारं परकराचं कापड, फॉल, रेशमी पोलक्यांचे तुकडे रंगवून द्यायचं त्यांचं छोटं दुकान होतं. चुलीवर पितळी पातेलं, शेजारी रंगाचे डबे. अक्का तिथं वाढली, त्यामुळं तिच्या डोळ्याला रंगातली उतरण अशी दिसायची की आम्हा शिंप्यांनाही दिसत नाही. माझ्या दुकानात येऊन ताग्यांकडे नुसतं बघून म्हणायची, "हा आणि हा एका घाण्यातला नव्हे, सीना. शर्ट एका रंगाचा होईल, बाही दुसऱ्या." श्रीनिवासाचा तिनं सीना करून टाकला होता. मी तिला कामावर घालायला खाकी कोट शिवून दिला होता, टॉर्चसाठी एक खिसा आणि खडूसाठी एक. ज्या दारावर ती खडूनं फुली मारायची, ते दार राहण्यालायक नाही असं समजायचं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगताना मला स्वतःची शिसारी येते, तरी सांगतो.

आमच्या समाजाचं एक विठ्ठलमंदिर आहे. मागे मंदिराच्याच मालकीचं वठार आहे, म्हणजे एका अंगणाभोवती भाड्याच्या खोल्यांची रांग. नऊ बिऱ्हाडं, दोन संडास. मंदिराच्या समितीचा मी सहचिटणीस होतो. सभामंडपात आम्ही ग्रॅनाइट घातलं, गाभाऱ्याला पितळी कठडा केला, आणि मागच्या संडासांना दारं म्हणून तेलाच्या डब्यांचे पत्रे होते, तेही खालून कुजलेले. खड्डा तुंबलेला असायचा. पावसात त्यातलं पाणी फरशीवर यायचं आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळायच्या. बायका विटांवर पाय ठेवत आत जायच्या. मी भाड्याच्या पावत्या द्यायला अंगणात जायचो तेव्हा नाकाला रुमाल लावायचो, आणि परत येऊन गाभाऱ्यासमोर साष्टांग नमस्कार घालायचो. दोन्ही एकाच माणसानं एकाच सकाळी केलेलं आहे, म्हणून लिहितो.

त्या वठारात माझ्या दुकानातला कारागीर दत्ता राहायचा. सोलापूरकडचा. त्याची बायको रत्ना पहिलटकरीण होती, पाचवा महिना. तिला आई नव्हती, म्हणून माहेरी जायचा प्रश्न नव्हता. शेजारच्या दोन बिऱ्हाडांत कावीळ झाली तेव्हा अक्का आली. मागच्या अंगणात गेली, संडास पाहिले, रत्नाचं पोट पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. "नोडु सीना, ही कावीळ पाण्यातनं येते. बाकीचे पंधरा दिवस पडतील नि उठतील. पोटुशी बाईला झाली तर ती उठत नाही. हिच्या पोटात हे पाणी जायचं नाही. समजलं का इल्ला?"

वठाराला पाणी कुठलं येतं, असं तिनं समितीला लेखी विचारलं. खरं म्हणजे ते मंदिराच्या विहिरीचं होतं. देवाच्या स्वयंपाकघरामागे एका कोंदट खोलीत ती विहीर, आणि तिथूनच पंप वठाराच्या नळाला पाणी द्यायचा. पण ती विहीर बंद करा म्हणून पालिकेनं आधीच सांगितलेलं होतं, आणि आम्ही ती बुजवल्याचं कळवून मोकळे झालो होतो. आमचे अध्यक्ष माधवराव म्हणाले, "बोअरचं पाणी म्हणून लिही." मी लिहिलं. विहीर बुजवलेली आहे, असंही लिहिलं आणि खाली सही केली. अक्काला ती खोली बघायची होती. माधवरावांनी तिला दारातच सांगितलं, सोवळ्यातली जागा आहे, कोट घालून आत जाता येणार नाही. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि परत फिरली. आयुष्यभर सगळ्यांचं मागलं दार बघणारी बाई त्या दिवशी माझ्या सहीवर विसंबून पुढच्या दारातून गेली.

कुठल्या संडासाचं पाणी कुठं झिरपतंय हे शोधायचं असेल तर खड्ड्यात रंग सोडतात आणि आसपासच्या पाण्यात तो उतरतो का ते पाहतात. ऑफिसात तो रंग शिल्लक नव्हता. अक्कानं वडिलांच्या ट्रंकेतले डबे काढले. एक नंबरच्या संडासात हिरवा, दोन नंबरच्यात राणी. रेशमाला लावायचे पक्के रंग, पाण्यात नजरेला दिसले नाहीत तरी रेशीम ते ओढून घेतं. बिऱ्हाडांना तिनं आठ दिवस नळाचं पाणी प्यायची बंदी केली, टँकर मागवला, आणि नळाखाली प्रत्येकाच्या बादलीत पांढऱ्या रेशमाची चिंधी टाकून ठेवली. देवळाला तिनं काही सांगितलं नाही. कशाला सांगेल? विहीर बुजवलेली आहे, असं तिच्या भावानं लिहून दिलं होतं.

पाचव्या दिवशी एकादशी होती. माधवराव पूजेला बसायचे ते पांढरा रेशमी कद नेसून. तो कद आदल्या दिवशी विहिरीच्या पाण्यात पिळून त्याच अंधाऱ्या खोलीत काठीवर वाळत घालायचा, ही आमची जुनी रीत. दुसरं पाणी त्याला चालत नाही. ते कद नेसून सभामंडपात आले आणि कुणीतरी हसलं. कद गुलाबी झाला होता. एकसारखा नव्हे, निऱ्यांत गडद आणि काठाशी फिका. माधवराव भटजींवर खेकसत होते, पण त्या गर्दीत मला एकट्यालाच कळलं होतं, कारण बादल्यांतल्या चिंध्यांबद्दल दत्ता मला बोलला होता.

तेवढ्यात मागच्या दारानं अक्का आली. तिच्या हातात बादलीतली ओली चिंधी होती. ती सरळ माधवरावांपाशी गेली, चिंधी त्यांच्या निऱ्यांशेजारी धरली आणि गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "राणी. एकाच घाण्यातला. दोन नंबरचा संडास."

पहाटेची काकडआरती झाली होती आणि तिचं तीर्थ वाटून झालं होतं. मला आठवतं तेव्हापासून मी दर एकादशीला त्याच विहिरीचं तीर्थ घेत आलो होतो. मी बाहेर गेलो आणि चपलांच्या फळीशेजारी भडाभडा ओकलो. परत आलो तेव्हा अक्का माझी वाट बघत उभी होती. "कधी नव्हे ते कागदावर विश्वास ठेवला बघ मी," एवढंच म्हणाली आणि विहिरीच्या पंपाला सील ठोकायला गेली.

तुम्हाला वाटेल, आता समितीनं डोक्याला हात लावला असेल, खड्डा उपसला असेल. त्याच संध्याकाळी बैठक झाली. विषय होता, देवाच्या विहिरीत रंग टाकून विटाळ कुणी केला. संडासाचा विषय निघाला नाही. दोन तास मी त्या खोलीत बसलो होतो आणि घाण हा शब्द एकदाही ऐकला नाही. रसायन, विटाळ, अपमान हेच शब्द. अक्काला बोलावलं होतं. एका सभासदानं, जो रोज कपाळभर गंध लावतो, तिला सगळ्यांसमोर विचारलं की रंग टाकला त्या दिवशी तू बाहेरची होतीस का.

अक्का पन्नाशी ओलांडलेली बाई. तिनं त्याच्याकडे नीट बघून उत्तर दिलं. "माझं बंद होऊन चार वर्षं झाली. तुमचा संडास मात्र अजून वाहतोय. त्याचं बघा आधी."

त्यानंतर त्यांनी विहीर उपसली. रेशमाला रंग लागेनासा होईपर्यंत उपसली. मग संगमावरून कावेरीचं पाणी आणून आत ओतलं, पंचगव्य शिंपडलं, होम केला आणि विहीर शुद्ध झाली म्हणून पेढे वाटले. रंग काढला आणि घाण ठेवली. मला विचाराल तर इतका ओंगळ प्रकार मी जन्मात पाहिला नाही, आणि मी त्यात होमाला तूप दिलं. अक्काविरुद्ध तक्रार लिहिली गेली, देवस्थानाच्या पाण्यात परवानगीशिवाय विषारी पदार्थ टाकल्याची. अकरा सह्या झाल्या. सातवी माझी आहे. दुकानाला समाजाच्या शाळेचे गणवेश मिळायचे, मुलीचं लग्न तोंडावर होतं, अशी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. आज ती लिहितानाही लाज वाटते. कुणाचा तरी कुणाला फोन गेला, पंपाचं सील निघालं आणि अक्काची बदली गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, येलवालच्या वाटेवर झाली.

तरी रोज संध्याकाळी काम संपलं की अक्का स्कूटरवर पुढे पाण्याचे दोन कॅन ठेवून वठारात यायची. घरून उकळून आणलेलं पाणी. रत्नाला द्यायची आणि तिच्याकडून रोज तेच वदवून घ्यायची. "नळाचं?" "न्हाई." "शेजारणीकडचं?" "न्हाई." "तहान लागली, कॅन संपला, तर?" "वाट बघायची." मग पोटावर हात ठेवून म्हणायची, "शाणी पोर." माझ्या दुकानावरून जाताना ती वळूनही बघायची नाही. दत्ता मात्र दुसऱ्या दिवशी सगळं सांगायचा, आणि मी मान खाली घालून कात्री चालवत राहायचो.

विहिरीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. आज ती खरोखर बुजवलेली आहे, वर सिमेंटची लादी आहे. मी लेखी जबाब दिला तेव्हा ते झालं, आणि समितीनं मला काढून टाकलं. ह्यात माझं कौतुक काही नाही. जबाब दिला तो रत्ना गेल्यावर. अक्का निवृत्त होऊन बेट्टदपुरला सख्ख्या भावाकडे गेली. पालिकेनं निरोपाला हार घातला म्हणे, त्याची फुलं तिनं कचऱ्याच्या गाडीवर काम करणाऱ्या बायकांना वाटून टाकली.

रत्नाला सातवा लागला तेव्हा माझ्या बायकोनं तिची ओटी भरायची ठरवली. आई नसलेली पोर, परगावात पडलेली. मलाही ते बरं वाटलं. आपण ह्या मुलीसाठी काहीतरी करतो आहोत, एवढ्यावर माझं मन हलकं व्हायला बघत होतं. हिरवी साडी आणली, मी स्वतः पोलकं शिवलं. मंदिरात बायका जमल्या. भटजी परगावी होते म्हणून तीर्थ द्यायला मी उभा राहिलो. रत्ना पुढं आली, ओंजळ केली आणि थांबली. हळूच म्हणाली, "काका, अक्का नको म्हनल्यात इथलं पानी."

बायका बघत होत्या. माधवराव खांबाला टेकून बघत होते. मी म्हणालो, "अगं, हे पाणी नव्हे, तीर्थ आहे. देवाच्या दारात असं म्हणू नये." तिच्या ओंजळीत मी तीन पळ्या सोडल्या. तीर्थाला नाही म्हणायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. अक्कानं नळ, शेजारीण, तहान, सगळ्याचं पाठ करून घेतलं होतं. एवढं एकच राहिलं होतं. तिनं डोळे मिटून तीर्थ घेतलं आणि ओला हात केसांवरून फिरवला.

पाच आठवड्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कुणाला ओळखेना. मुलगी आठव्यातच झाली, एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी रत्ना गेली.

आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात होतो. आमच्या भागाचा नवा इन्स्पेक्टर फॉर्म घेऊन आला होता. अशा मृत्यूनंतर पाणी कुठलं प्यायलं ते लिहून न्यावं लागतं. दत्ताच्या चेहऱ्याकडे बघून त्या माणसाला काय विचारावं तेच सुचेना. अक्का बाकावर बसली होती. तिनं हात पुढं करून फॉर्म मागून घेतला, चष्मा लावला आणि दत्ताला विचारायला लागली.

"मागल्या दोन महिन्यांत नळाचं प्यायली?"

"न्हाई अक्का."

"हॉटेलात? लग्नकार्यात? कुणाच्या घरी?"

"न्हाई. तुमच्या कॅनाबिगर घोट न्हाई. शपथ."

अक्का लिहायची थांबली. एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मला समजलं, ती आता आपलं पाणी तपासत होती. किती उकळलं, कॅन नीट धुतला होता का, कुठल्या दिवशी घाई झाली. फॉर्मवर ती आपलंच घर लिहिणार होती.

"मी दिलं," मी म्हणालो. "देवळात. ओटी भरली त्या दिवशी. तीर्थ."

दत्तानं मान वर केली. अक्कानं केली नाही.

"किती?"

"तीन पळ्या."

"नको म्हणाली का ती?"

"म्हणाली."

तिनं लिहिलं. मी वाकून पाहिलं. कानडीत दोनच शब्द होते, देवळाची विहीर. मी म्हणालो, "अक्का, माझं नाव घाल त्यात." तिनं फॉर्म माझ्यापुढं धरला आणि बोटानं एकेक रकाना दाखवत गेली. "नळ. बोअर. विहीर. टँकर. इथं माणसाला रकाना इल्ला, सीना."

मग फॉर्म त्या इन्स्पेक्टरला देऊन तिनं दत्ताला दंडाला धरून उठवलं. मुलीला त्यानं अजून जवळून पाहिलं नव्हतं. ती दोघं आत गेली. मीही त्यांच्यामागून निघालो, तेव्हा दत्तानं मागं वळून दार लावून घेतलं.